गॅलागाच्या घरगुती आवृत्त्यांची तुलना कशी करावी : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सांगली-मिरजेकडच्या ज्या मुलांनी टीव्ही गेमला कॅसेट लावून गॅलागा खेळला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्या खेळाचे मूळ यंत्र कधी पाहिलेले नाही. गॅलागा हा नामको कंपनीने १९८१ साली आणलेला, विमानातून शत्रूंवर गोळ्या झाडण्याचा, नाणे टाकून खेळायचा पार्लरमधला खेळ. पुढे तो निरनिराळ्या घरगुती यंत्रांवर नव्याने लिहिला गेला, आणि आपल्या हाती आला तो अशाच एका आवृत्तीच्या रूपाने. आपण खेळलो तो खेळ मूळ खेळाच्या किती जवळ होता, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच पडतो; पण त्याचे उत्तर बहुधा चित्राकडे एक नजर टाकून दिले जाते, आणि तसे उत्तर फारसे कामाचे नसते.

मी ही तुलना विश्रामबागेतल्या माझ्या घरी, जुन्या आणि नव्या दोन्ही प्रकारच्या टीव्हींवर, बराच काळ करत आलो आहे. त्यातून बसलेला माझा क्रम असा : आधी खेळाचे नियम तपासावेत, मग वेळ, आणि चित्र व आवाज शेवटी. दुसरे म्हणजे, आवृत्ती लिहिणाऱ्याला दोष देण्यापूर्वी टीव्हीने, विजेने आणि जोडणीने काय बिघडवले आहे ते वेगळे काढावे. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

सुरुवातीला लागणारे साहित्य

फार खर्च करण्याची गरज नाही. खाली दिलेल्या गोष्टींपैकी पहिल्या चार असल्या तरी तुलना सुरू करता येते.

- साधा लॅपटॉप किंवा संगणक, आणि शक्य असल्यास उभा फिरवता येणारा मॉनिटर.
- तारेने जोडायचा गेमपॅड. बिनतारी गेमपॅड या कामासाठी टाळावा.
- २४० फ्रेम (म्हणजे एकेक स्थिर चित्र) प्रतिसेकंद या वेगाने स्लो मोशन चित्रीकरण करणारा मोबाइल, आणि तो स्थिर ठेवण्यासाठी स्टँड.
- नोंदवही.
- जुना टीव्ही गेम आणि त्याची कॅसेट, घरात असल्यास.
- काचेच्या नळीचा जुना टीव्ही, सुस्थितीतला मिळाल्यास.

जुना टीव्ही विकत घेणार असाल तर आपल्या भागापुरती एक सूचना. सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या महापुरात नदीकाठच्या पेठांमधली असंख्य घरे आणि दुकाने पाण्याखाली गेली, आणि त्यातल्या विजेच्या वस्तू पुसून-वाळवून पुन्हा बाजारात येत राहिल्या. टीव्हीच्या मागच्या झाकणाच्या फटींतून टॉर्चने आत पाहा. खाचांमध्ये बसलेला बारीक गाळ किंवा स्क्रूंवर चढलेला गंज दिसला तर तो टीव्ही घेऊ नका. झाकण मात्र स्वतः कधीही उघडू नका, कारण नळीच्या टीव्हीत प्लग काढल्यानंतरही धोकादायक दाबाची वीज साठून राहते. ते काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्यानेच करावे.

टीव्ही गेमच्या बाबतीत ॲडाप्टर हीच खरी धोक्याची जागा आहे. पिन बसली म्हणजे ॲडाप्टर चालेल, असे समजू नका. यंत्रावर लिहिलेले व्होल्ट आणि पिनच्या मध्यभागी धन आहे की ऋण हे दाखवणारी खूण, दोन्ही जुळल्याशिवाय बटण दाबू नये. कॅसेट लागत नसेल तर तिच्यात फुंकर मारण्याची सवय सोडा, कारण तोंडातल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या हळूहळू खराब होतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावावी.

पायरी १ : मूळ नमुना निश्चित करा

तुलना कशाशी करायची हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका. मूळ यंत्र घरी आणणे आपल्याला शक्य नसते, म्हणून मूळ प्रोग्राम जसाच्या तसा चालवणारी अधिकृत आवृत्ती नमुना, म्हणजेच आपला मापदंड, म्हणून घ्यावी. संगणकासाठी आणि काही कन्सोलसाठी २०१६ साली आलेली 'आर्केड गेम सिरीज : गॅलागा' किंवा निन्टेंडोच्या स्विच यंत्रासाठी २०१७ साली आलेले 'नामको म्युझियम' या कामाला योग्य आहे. मेम नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, स्वतः मुक्त आणि कायदेशीर आहे; परंतु त्यावर चालवायच्या खेळाच्या फाइल्स कोठूनही उतरवून घेणे कायदेशीर नाही, आणि तुलनेच्या दृष्टीनेही ते धोक्याचे आहे. गॅलागाच्या नकली सर्किट-पाट्या त्या काळीच निघाल्या होत्या आणि त्यांपैकी काहींत गोळ्या सुटण्याचा वेग वाढवलेला होता. अशी फाइल हाती लागली तर तुमचा मापदंडच चुकीचा ठरेल.

मूळ यंत्राविषयी काही गोष्टी पाठ असाव्यात. त्यात ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालणारे तीन झेड-८० प्रोसेसर आहेत. पडदा उभा असून तो २२४ पिक्सेल रुंद आणि २८८ पिक्सेल उंच आहे, आणि चित्र सेकंदाला साधारण ६०.६ वेळा बदलते. प्रत्येक सामान्य स्टेजमध्ये ४० शत्रू येतात : २० मधमाशा, १६ फुलपाखरे आणि सर्वांत वर ४ बॉस. हे शत्रू आठ-आठांच्या पाच तुकड्यांनी वळणे घेत येतात आणि रांगेत आपापली जागा धरतात.

मापदंड ठरवताना सेटिंगचे पान उघडून लाईफ किती, जादा लाईफ किती गुणांना आणि काठिण्य कोणते, हे लिहून ठेवा. पार्लरच्या मालकाला यंत्राच्या आतील स्विचने या तिन्ही गोष्टी बदलता येत असत, त्यामुळे मूळ खेळालाही एकच एक रूप नव्हते. नेहमीच्या सेटिंगमध्ये ३ लाईफ असतात आणि जादा लाईफ २०,००० गुणांना, मग ७०,००० ला आणि त्यानंतर दर ७०,००० ला मिळते. दोन आवृत्त्यांची काठिण्यपातळी वेगळी असताना 'या आवृत्तीत शत्रू जास्त गोळ्या झाडतात' असे लिहिणे निरर्थक आहे.

पायरी २ : कोणत्या आवृत्त्या घ्यायच्या ते ठरवा

एकदम सगळ्या आवृत्त्या घेऊ नका. पहिल्या वेळी मापदंड आणि एकच घरगुती आवृत्ती पुरेशी आहे, आणि ती फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी घरगुती गेम यंत्राची, असावी असा माझा आग्रह आहे. नामकोने १९८५ साली जपानमध्ये फॅमिकॉमसाठी काढलेली ही आवृत्ती १९८८ मध्ये बंदाई कंपनीमार्फत अमेरिकेत पोहोचली. आपल्याकडचे टीव्ही गेम म्हणजे फॅमिकॉमच्या नकला होत्या, त्यामुळे आपल्या कॅसेटमधला गॅलागा म्हणजे बहुधा हीच आवृत्ती. कायदेशीर मार्गाने ती हवी असेल तर २०२० साली आलेल्या 'नामको म्युझियम आर्काइव्ह्ज'च्या दुसऱ्या भागात ती आहे. त्याच संग्रहात रणगाड्यांचा 'बॅटल सिटी'ही आहे. विकत घेण्यापूर्वी दुकानाच्या पानावर खेळांची यादी मात्र वाचून घ्या. पहिल्या भागात गॅलागा नसून गॅलॅक्सियन हा वेगळा खेळ आहे, आणि नावातल्या साम्यामुळे इथे गोंधळ होतो.

याच्या पुढे जायचे असेल तर सेगाच्या एसजी-१००० वरील १९८३ ची आवृत्ती, एमएसएक्स संगणकांवरील १९८४ ची, अटारी ७८०० वरील १९८६ ची आणि गेम बॉयवर गॅलॅक्सियनसोबत जोडून १९९५ साली आलेली, या चारही अभ्यासण्यासारख्या आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन एकाच घराण्यातल्या चित्र-चिपवर चालतात. ती चिप एका आडव्या ओळीत केवळ चार हलत्या आकृत्या दाखवू शकते आणि प्रत्येक आकृतीला एकच रंग देते. या मर्यादेत गॅलागासारखा गर्दीचा खेळ बसवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. या दोन आवृत्त्यांना फॅमिकॉमच्या आवृत्तीशेजारी ठेवून हिणवू नये, एकमेकींशेजारी ठेवून पाहावे.

कॅसेटविषयी एक इशारा. 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ' असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजकेच खेळ पुन्हा पुन्हा भरलेले असतात, आणि एकाच खेळाच्या निरनिराळ्या नोंदींमध्ये सुरुवातीची स्टेज किंवा लाईफची संख्या बदललेली असू शकते. मेनूतल्या ज्या क्रमांकावरून तुम्ही खेळ सुरू केला तो नोंदवहीत लिहा, आणि खेळ पहिल्या स्टेजपासून सुरू होतो आहे याची खात्री करा.

पायरी ३ : ५० आणि ६० हर्ट्झचा घोळ आधी सोडवा

या पायरीवर घाई करू नका, कारण तुलनेत होणारे सर्वाधिक गैरसमज इथूनच निघतात.

जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ६० वेळा (म्हणजे ६० हर्ट्झ) बदलत असे, तर भारतात पाल या टीव्ही-प्रक्षेपणाच्या पद्धतीमुळे ५० वेळा (५० हर्ट्झ). फॅमिकॉमवरचे त्या काळचे खेळ बहुतांशी फ्रेमच्या हिशेबाने लिहिलेले असतात. म्हणजे प्रत्येक फ्रेमला विमान इतके सरकवायचे, गोळी इतकी पुढे न्यायची, अशी त्यांची रचना असते. असा खेळ ५० हर्ट्झच्या यंत्रावर लावला की सेकंदाला दहा फ्रेम कमी होतात आणि सगळा खेळ एक षष्ठांशाने संथ होतो. जे काम ६० हर्ट्झवर ६ सेकंदांत होते त्याला ५० हर्ट्झवर ७.२ सेकंद लागतात. भारतात विकले गेलेले बहुतेक टीव्ही गेम याच ५० हर्ट्झच्या प्रकारातले होते. त्यामुळे लहानपणी खेळलेला गॅलागा आठवून 'संगणकावरची आवृत्ती उगाच वेगवान केली आहे' असे कोणी म्हणाले, तर त्याची आठवण खरी असते, पण निष्कर्ष चुकीचा असतो.

तुमचे यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखण्यासाठी खेळ सुरू होताना वाजणारी धून मोजा. संगणकावरची अधिकृत फॅमिकॉम आवृत्ती ६० हर्ट्झवर चालवून धून रेकॉर्ड करा, मग टीव्ही गेमवर तीच धून रेकॉर्ड करा, आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंतचा वेळ दोन्हीकडे पाहा. दुसरा वेळ पहिल्याच्या १.२ पट आला तर यंत्र ५० हर्ट्झचे आहे. या वेळी कानाला एक गोष्ट जाणवेल : नकली यंत्रावर धून संथ होते, पण तिची पट्टी फारशी उतरत नाही. सुराची उंची प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून असते, आणि या यंत्रांपैकी बहुतेकांत तो वेग मूळ फॅमिकॉमच्या जवळ ठेवलेला असतो. पुढचा सूर केव्हा वाजवायचा हे मात्र फ्रेम मोजून ठरते. म्हणूनच नुसते ऐकून फरक लक्षात येत नाही, आणि घड्याळ लावावे लागते.

आता यातली सर्वांत रंजक बाब. मूळ यंत्राच्या पडद्याची उंची २८८ पिक्सेल, तर फॅमिकॉमच्या पडद्याची २४०. एखादी वस्तू दर फ्रेमला एक पिक्सेल खाली येते असे धरले, तर ६० हर्ट्झच्या हिशेबाने मूळ पडदा ओलांडायला तिला ४.८ सेकंद लागतील, पण फॅमिकॉमचा पडदा ती ४ सेकंदांतच ओलांडेल. म्हणजे वेग तोच ठेवला तरी खेळाडूला विचार करायला मिळणारा वेळ कमी होतो, कारण पडदाच बुटका आहे. तीच कॅसेट ५० हर्ट्झवर लावली, तर २४० भागिले ५०, म्हणजे पुन्हा ४.८ सेकंद. हा नुसता आकड्यांचा हिशेब आहे, आणि प्रत्यक्ष शत्रू सरळ रेषेत न येता वळणे घेत येतो; तरीही वेग मोजताना केवळ पिक्सेल न मोजता, रांगेतून सुटल्यापासून विमानापर्यंत पोहोचायला शत्रूला लागणारा वेळ का मोजावा, ते यावरून कळते. आवृत्ती लिहिणाऱ्याने बुटक्या पडद्यासाठी वेग कमी केला आहे की तसाच ठेवला आहे, हे त्या वेळावरून ठरवता येते. माझ्या मते एखाद्या आवृत्तीमागचा विचार पारखण्याची ही सर्वांत चांगली जागा आहे.

पायरी ४ : बटण आणि पडदा यांमधला उशीर मोजा

नव्या सपाट टीव्हीवर चित्र सुधारण्याची प्रक्रिया चालू असते आणि तिच्यामुळे बटण दाबल्यावर गोळी सुटलेली दिसायला उशीर होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करा आणि मगच मापन करा. मोबाइल अशा प्रकारे लावा की अंगठा आणि पडद्यावरचे विमान एकाच चौकटीत दिसतील. २४० च्या वेगाने चित्रीकरण करा आणि बटण पूर्ण दबल्यापासून गोळी दिसेपर्यंत मोबाइलच्या किती फ्रेम जातात ते मोजा. मोबाइलच्या चार फ्रेम म्हणजे ६० हर्ट्झच्या खेळाची एक फ्रेम. एकाच मापनावर विसंबू नका. बटण फ्रेमच्या सुरुवातीला दाबले गेले की शेवटी, यावर उत्तर थोडे हलते, म्हणून अनेक मापनांचा मध्य घ्या.

हा उशीर आवृत्तीच्या खात्यावर मांडायचा नसतो. एक आवृत्ती नळीच्या टीव्हीवर आणि दुसरी सपाट टीव्हीवर खेळून 'पहिलीचे नियंत्रण चपळ आहे' असे लिहिलेले मी अनेकदा वाचले आहे. दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच गेमपॅडने खेळता येत नसतील, तर नियंत्रणाविषयी मत देऊ नये.

टीव्ही गेमच्या रिमोटवरच्या टर्बो बटणांना हात लावू नका. मूळ यंत्रात बटण दाबून धरल्याने गोळ्यांची माळ सुटत नाही. प्रत्येक गोळीसाठी बटण पुन्हा दाबावे लागते.

पायरी ५ : नियमांची परीक्षा घ्या

इथे खरे काम सुरू होते. पुढील प्रत्येक परीक्षा आधी मापदंडावर करा, म्हणजे अपेक्षित उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असेल. त्यानंतर तीच परीक्षा घरगुती आवृत्तीवर करा. संग्रहांमध्ये खेळ मागे नेण्याची किंवा मध्येच जतन करण्याची सोय असते. अवघड प्रसंग पुन्हा पाहण्यासाठी ती वापरावी, पण गुणसंख्येची परीक्षा चालू असताना वापरू नये.

*गोळ्यांची मर्यादा.* विमान मोकळ्या जागेखाली आणा आणि बटण भराभर दाबा. पडद्यावर एका वेळी दोनच गोळ्या असल्या पाहिजेत, आणि त्यांपैकी एक लागेपर्यंत किंवा वर निघून जाईपर्यंत तिसरी सुटता कामा नये. हा नियम लहान वाटतो, पण गॅलागाची सगळी लय त्यावर उभी आहे, कारण नेम चुकला की शिक्षा म्हणून थांबावे लागते.

*गुण.* रांगेतली मधमाशी ५०, झेपावणारी १००. फुलपाखरू रांगेत ८०, झेपावताना १६०. बॉस रांगेत १५०, एकटा झेपावताना ४००, एका साथीदारासह ८०० आणि दोन साथीदारांसह १६००. बॉसला दोनदा मारावे लागते आणि पहिल्या माऱ्यानंतर त्याचा रंग बदलतो. हे सगळे आकडे एका बैठकीत तपासण्याचा अट्टहास करू नका. प्रत्येक खेळात एकाच शत्रूकडे लक्ष ठेवा आणि शेजारी बसलेल्याला गुण टिपायला सांगा.

*पकडले गेलेले विमान.* गॅलागाची ओळख असलेला हा प्रसंग बारकाईने तपासावा, कारण त्यात अनेक नियम गुंतलेले आहेत. बॉस खाली येऊन किरण सोडतो तेव्हा मुद्दाम त्यात जा. हातात आणखी लाईफ असेल तरच हे करा, कारण शेवटचे विमान पकडले गेले तर खेळ संपतो. पकडलेले विमान लाल होऊन बॉसच्या मागे जाऊन बसते. आता दोन वेगवेगळ्या खेळांत दोन गोष्टी करून पाहा. पहिल्या खेळात तो बॉस झेपावत असताना त्याला मारा : विमान सुटून खाली येते आणि तुमच्या विमानाला जोडले जाते. दुसऱ्या खेळात बॉस रांगेत बसलेला असतानाच त्याला मारा : या वेळी विमान परत मिळत नाही, उलट ते शत्रूसारखे तुमच्यावर चालून येते, पडद्याबाहेर निघून जाते आणि पुढच्या स्टेजमध्ये पुन्हा बॉसच्या सोबतीला दिसते. जोडविमान मिळाल्यावर त्यातले एक फुटले तरी दुसरे उरते का, आणि जोडविमान असताना बॉस किरण सोडायचे थांबवतात का, हेही पाहा. मूळ खेळात या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' आहे. घाईने लिहिलेली आवृत्ती किरण आणि जोडविमान दाखवते, पण रांगेतला बॉस मारल्यावर काय होते इथे तिचा कस लागतो.

*आव्हानाच्या स्टेज.* तिसरी, सातवी, अकरावी आणि पुढे दर चौथी स्टेज आव्हानाची असते. तीत ४० शत्रू नाचत येतात, गोळ्या झाडत नाहीत आणि रांगेत न थांबता निघून जातात. चाळीसही टिपले तर १०,००० गुणांचे बक्षीस मिळते. प्रत्येक तुकडीचा मार्ग कागदावर रेघोट्यांनी काढून ठेवा. मापदंडाचा कागद आणि आवृत्तीचा कागद एकावर एक धरून उजेडात पाहिले की वळण कुठे आखडते घेतले आहे ते लगेच दिसते. बुटक्या पडद्यामुळे वर्तुळे चपटी होणे समजण्यासारखे आहे, पण तुकडी ज्या बाजूने यायला हवी ती बाजूच बदललेली असेल तर तशी वेगळी नोंद करा.

*शेवटचा निकाल.* खेळ संपल्यावर किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या आणि त्यांचे शेकडा प्रमाण किती, हे गॅलागा स्वतःच दाखवतो. दरवेळी त्या पडद्याचा फोटो काढा. एकाच खेळाडूचे प्रमाण दोन आवृत्त्यांवर सातत्याने वेगळे येत असेल, तर गोळीचा वेग किंवा शत्रूला गोळी लागल्याचे मानणारी चौकट यांत फरक आहे असा संशय घ्यावा आणि स्लो मोशनमध्ये तपासावा.

*जुनी त्रुटी.* मूळ प्रोग्राममध्ये एक प्रसिद्ध दोष आहे. पहिल्या स्टेजमध्ये डावीकडच्या टोकाच्या दोन मधमाशा सोडून बाकी सर्व शत्रू मारायचे आणि गोळ्या न झाडता त्या दोघींना चुकवत राहायचे. साधारण पाव तासाने त्या गोळ्या टाकायच्या थांबतात, आणि त्यानंतर त्यांना मारून पुढे गेले तर उरलेल्या संपूर्ण खेळात कोणताच शत्रू गोळी झाडत नाही. शत्रूंच्या गोळ्यांसाठी स्मृतीत राखलेल्या जागा एकेक करून अडकत गेल्यामुळे हे घडते. ही परीक्षा कंटाळवाणी आहे, पण तिच्याइतका स्वच्छ निवाडा दुसरी कोणतीच परीक्षा देत नाही. मूळ प्रोग्राम जसाच्या तसा चालवणाऱ्या आवृत्तीत हा दोष आलाच पाहिजे. नव्याने लिहिलेल्या आवृत्तीत तो येण्याचे काही कारण नसते. जाहिरातीत 'अस्सल' म्हटलेला एखादा संग्रह मूळ प्रोग्राम चालवतो आहे की नक्कल, हे यावरून कळते. दोष न येणे हा घरगुती आवृत्तीचा कमीपणा धरू नये.

पायरी ६ : चित्र पाहा

फॅमिकॉमच्या आवृत्तीत खेळाचे मैदान पडद्याच्या डाव्या भागात ठेवून गुण, उरलेली विमाने आणि स्टेजच्या खुणा उजवीकडच्या पट्टीत नेल्या आहेत. आडव्या टीव्हीवर उभा खेळ बसवण्याचा हा सरळ आणि प्रामाणिक मार्ग आहे. मैदान पडद्याच्या संपूर्ण रुंदीवर ताणले असते तर विमानाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला जास्त वेळ लागला असता आणि सगळा तोल बदलला असता. मला ही निवड फार योग्य वाटते.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे रांगेचा 'श्वास'. सगळे शत्रू जागेवर बसले की संपूर्ण रांग फुलते आणि आक्रसते. मूळ यंत्र प्रत्येक शत्रू स्वतंत्र हलती आकृती म्हणून दाखवते, त्यामुळे ही हालचाल मऊ दिसते. फॅमिकॉम एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृत्या दाखवू शकतो आणि त्यातली प्रत्येक आकृती आठ पिक्सेल रुंद असते. दहा मधमाशांची रांग या मार्गाने काढली तर ती सतत लुकलुकेल, म्हणून बसलेले शत्रू पार्श्वभूमीच्या चौकटींत काढणे भाग पडते आणि झेपावणारेच तेवढे हलत्या आकृत्यांत येतात. एखाद्या मधमाशीकडे टक लावून पाहा : ती रांगेत परत बसते त्या क्षणी किंचित उडी मारते का, तिची छटा बदलते का, आणि रांगेची हालचाल टप्प्याटप्प्याने होते का. झेपावणारे शत्रू, त्यांच्या गोळ्या आणि तुमचे विमान एकाच पातळीवर आले की काही आकृत्या लुकलुकतात का, तेही टिपा. ही लुकलुक यंत्राची मर्यादा आहे. पण ती जिथे टाळता आली असती तिथेही दिसत असेल तर ती लिहिणाऱ्याच्या खात्यावर जाते.

संगणकावर पाहताना चित्राचा आकार पूर्ण पटीत ठेवा. १०८० ओळींच्या मॉनिटरवर २८८ ची तिप्पट म्हणजे ८६४, आणि २४० ची चौपट म्हणजे ९६०, नीट बसते. पडदा पूर्ण भरण्यासाठी चित्र ताणले की काही पिक्सेल जाड आणि काही बारीक होतात, आणि मग मधमाशीचे पंख असमान दिसल्याचा ठपका निष्कारण आवृत्तीवर येतो. रंगांची तुलना नळीच्या टीव्हीचा फोटो काढून करू नका. मोबाइलचा कॅमेरा ते रंग खरे दाखवत नाही.

पायरी ७ : आवाज ऐका

मूळ यंत्रात तीन सुरांची सोय आहे आणि प्रत्येक सुराच्या लहरीचा आकार प्रोग्राम ठरवतो. फॅमिकॉममध्ये दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी आणि एक खरखरीचा मार्ग आहे, त्यामुळे धून ओळखीची राहते पण नाद वेगळा होतो. अटारी ७८०० चित्राच्या बाबतीत सामर्थ्यवान आहे, मात्र त्यात आवाजासाठी आधीच्या अटारी २६०० मधलीच चिप वापरली आहे, आणि ते कानाला लगेच समजते. हेडफोन लावून सुरुवातीची धून, किरणाचा आवाज आणि बॉसला बसलेल्या पहिल्या माऱ्याचा आवाज, एवढे तीन ऐकले तरी पुरते.

पायरी ८ : नोंद आणि निकाल

नोंदवहीच्या प्रत्येक पानावर आवृत्तीचे नाव आणि साल, ती कोणत्या यंत्रावर चालवली, ५० की ६० हर्ट्झ, टीव्ही कोणता, गेमपॅड कोणता आणि सेटिंग काय, हे वरच लिहा. त्याखाली नियम, वेळ, चित्र आणि आवाज अशी चार खाती करा. प्रत्येक फरकासमोर त्याचे कारण तीनपैकी एका शब्दात लिहा : 'यंत्र', 'लिहिणारा' किंवा 'जोडणी'. ज्या फरकांसमोर 'जोडणी' आले ते निकालातून काढून टाका. 'यंत्र' लिहिलेले फरक सांगावेत, पण त्यासाठी गुण कापू नयेत. गुण कापायचे ते केवळ 'लिहिणारा' या शब्दासमोर.

सगळ्या आवृत्त्यांना एकाच शंभरपैकी गुण देण्याची पद्धत मला मान्य नाही. १९८३ ची चार आकृत्यांच्या मर्यादेतली आवृत्ती आणि मूळ प्रोग्राम जसाच्या तसा चालवणारा २०१६ चा संग्रह यांना एका यादीत क्रम देऊन वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी कोणासाठी काय योग्य, हे लिहा. मूळ नियम शिकायचे असतील त्याने मापदंड घ्यावा. पार्लरचा खेळ घरच्या आडव्या पडद्यावर कसा आणला गेला हे समजून घ्यायचे असेल त्याने फॅमिकॉमची आवृत्ती घ्यावी, आणि ती ६० हर्ट्झवरच खेळावी.

निकाल कोणाला देण्यापूर्वी नियमांच्या परीक्षा दुसऱ्या एका खेळाडूकडून पुन्हा करून घ्या. त्याला तुमचे आकडे आधी दाखवू नका. त्याचे आणि तुमचे निरीक्षण जिथे जुळत नाही, त्या परीक्षेचे चित्रीकरण दोघांनी मिळून स्लो मोशनमध्ये पाहा. तरीही एकमत होत नसेल, तर ती परीक्षा निकालातून वगळा आणि ती वगळल्याचे तिथेच लिहून ठेवा.